वाघबारस

माण गावात परदेशाचे कौतुक आता कुणाला उरलेले नाही. हिंजवडीच्या माळावर संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांचा तिसरा टप्पा आमच्या शिवारात येऊन ठेपला, आणि ज्या बांधांवर आम्ही लहानपणी बोरे वेचली तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींतली माणसे अमेरिकेला अशी जातात, जसे आमचे आजोबा सातबाऱ्यासाठी पौडच्या कचेरीला जात. त्यांनाच खोल्या भाड्याने देऊन गावाने चार पैसे पाहिले. तेव्हा गावातल्या एखाद्या पोरीने ‘मी परदेशी चालले’ म्हटले असते, तर पारावरच्या मंडळींनी तंबाखू मळता मळता मानसुद्धा वर केली नसती.

पण ही पोरगी म्हणाली, ‘मी आफ्रिकेला चालले. सिंहांची सेवा करायला.’

तंबाखू तळहातावरच राहिली. एका आजोबांनी बराच वेळ विचार करून विचारले, ‘सेवा ठीक हाय. पन सिव्हाला भूक लागली म्हंजे?’

ही मुलगी माझी विद्यार्थिनी. माझी शाळा म्हणजे काही दगडी इमारत नव्हे. बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले पत्र्याच्या शेडमध्ये जमतात, त्यांना मी शिकवतो. आणि संध्याकाळी गावातली पाच-सात मुले गणित-मराठीला येऊन बसतात. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपाशी थांबले. त्याला आमच्याकडचे जुने लोक अजून मॅट्रिक म्हणतात, आणि मलाही तो शब्द आवडतो. दहावी म्हटले की नापास झाल्यासारखे वाटते, मॅट्रिक म्हटले की काहीतरी मिळवल्यासारखे. पुढे दोन कादंबऱ्या छापून आल्या म्हणून गाव मला लेखक म्हणते. तर ही मुलगी संध्याकाळच्या वर्गात असायची. गोठ्यातल्या म्हशीला ताप आला तर पाढे विसरायची. मोठी होऊन ती शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात गेली, तेव्हा कुणालाच नवल वाटले नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात तिचे वडील माझ्याकडे आले. हातात मोबाइल. त्यावर एक छायाचित्र होते: विशी-बाविशीची एक गोरी मुलगी गवतावर मांडी घालून बसली आहे आणि तिच्या मांडीवर सिंहाचा छावा बाटलीने दूध पितो आहे. खाली इंग्रजीत चार आठवड्यांच्या सेवेचे दर दिलेले. विमानाच्या तिकिटासकट हिशेब अडीच लाखांच्या घरात जात होता.

‘पैशाचं काय नाही, गुरुजी,’ ते म्हणाले, ‘खोल्यांचं भाडं येतंय. पन ही सेवा करनार, आन् पैसंबी हिनंच द्यायचं, ह्यो कंचा हिशेब? आमच्याकडं वारीत पानी वाटनाऱ्याला कुनी तिकीट लावत न्हाई.’

मला उत्तर सुचले नाही. मी मुलीलाच बोलावले. दोन संध्याकाळी आम्ही बसून वाचत होतो. वाचत होती ती. माझे इंग्रजी मॅट्रिकचेच. ती वाचून मराठीत सांगायची आणि मी मास्तरकीच्या सवयीने मध्येच ‘म्हणजे काय?’ असे विचारायचो. दुसऱ्या संध्याकाळी ती छायाचित्राकडे पाहत एकाएकी गप्प झाली. मग म्हणाली, ‘सर, एवढी पिल्लं आहेत. ह्यांच्या आया कुठे आहेत?’

प्रश्न गोठ्यात वाढलेल्या मुलीचा होता. वासरू दिसले की आमच्याकडे पहिल्यांदा गाय शोधतात.

त्या प्रश्नाच्या मागे लागून तिने जे शोधून काढले, ते थोडक्यात असे. दक्षिण आफ्रिकेत काही हजार सिंह कुंपणांत पैदास करून वाढवले गेले आहेत. छावा जन्मला की थोड्याच दिवसांत त्याला आईपासून तोडतात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. छाव्यांना दूध पाजायला दूरदूरच्या देशांतली मुले पैसे भरून येतात. आपण एका अनाथ जिवाला वाचवले या समाधानात रडत रडत निरोप घेतात. छावा जरा मोठा झाला की प्रवासी त्याच्या बरोबर फिरायला जातात. आणि पुरता वाढला, आयाळ आली, म्हणजे कुंपणाच्या आतच कुणी श्रीमंत शिकारी येऊन त्याला गोळी घालतो. हाडे औषधांसाठी पूर्वेकडे रवाना होतात. माणसाच्या हातचे दूध प्यालेला तो जीव माणसाला पाहून पळतही नाही. २०१५ साली ‘ब्लड लायन्स’ नावाचा माहितीपट निघाला आणि ही गोष्ट जगापुढे आली. २०२१ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने ही पैदास बंद करावी असे सांगितले, आणि मंत्र्यांनी ते मान्य केल्याचे जाहीर केले.

आम्ही पाहत होतो ते केंद्र त्यांतलेच होते असे मी म्हणणार नाही. आणि आफ्रिकेत सगळे असेच चालते असे तर मुळीच नाही. केनियात नैरोबीजवळ डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ १९७७ मध्ये संस्था काढली. शिकाऱ्यांनी आया मारलेली हत्तीची पिले तिथे वाढवतात आणि मोठी झाली की त्सावोच्या रानात हळूहळू सोडतात. तिथे रखवालदार रात्री पिलाजवळ झोपतो, कारण हत्तीचे पोर सोबतीवाचून खंगते. या बाईंनी सुरुवातीच्या काळात आयेशा नावाचे एक पिलू एकटीने वाढवले होते. मुलीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस दूर गेल्या, आणि तेवढ्यात पिलाने खाणे टाकले आणि ते मेले. तेव्हापासून त्यांनी नियम केला, की एका पिलाला एकाच माणसाचा लळा लागू द्यायचा नाही. रखवालदार बदलत राहायचे. त्या २०१८ साली वारल्या, पण तो नियम तिथे पाळला जातो. हे वाचून दाखवताना मुलगी म्हणाली, ‘म्हणजे प्रेमाचीसुद्धा मात्रा असते, सर. औषधासारखी.’ मी ते वाक्य माझ्या वहीत उतरून घेतले. लेखकांना अशी चोरी माफ असते.

मग मला जुन्नर आठवले.

२०१० च्या हिवाळ्यात मी दुसऱ्या कादंबरीसाठी ऊसतोडणी करणाऱ्यांच्या पालांवर चार दिवस राहिलो होतो. चाकण, राजगुरुनगर, मंचर करीत नारायणगावला उतरायचे आणि तिथून आत जायचे. ज्यांनी तो मुलूख पन्नास वर्षांपूर्वी पाहिला, ते सांगतात की बाजरी, मटकी आणि हुलगा यांपलीकडे तिथे फारसे काही नसे. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच. कालव्यांना पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. उसासारखी जागा त्याला रानातही मिळायची नाही. वर्षभर गार सावली, जवळ पाणी, आत माणूस शिरत नाही, आणि गावात कुत्री, डुकरे, शेळ्या. जवळच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या शेतीच्या मुलखात कॅमेरे लावून मोजणी केली. शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले, आणि तेही जिथे प्रत्येक चौरस किलोमीटरमध्ये तीनशेच्या वर माणसे राहतात अशा ठिकाणी. त्यांच्या पोटात सर्वांत जास्त काय गेले, तर गावातली कुत्री. उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या आणि उसातच व्यालेल्या बिबट्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील! त्यांना ‘जंगलात परत जा’ म्हणणे म्हणजे चाळीत जन्मलेल्या मुंबईकराला कोकणात जाऊन नांगर धर म्हणण्यासारखे आहे.

मी होतो त्या फडात तिसऱ्या दिवशी कोयते एकाएकी थांबले. तोडणी कडेकडेने आत सरकत जाते आणि मध्ये शेवटचा पट्टा उरतो. त्या पट्ट्यात पाचटावर तीन पिले होती. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. एका बाईने पदर तोंडाशी नेला. मुकादमाने डोक्याचे मुंडासे सोडून पिलांना त्यात गुंडाळले. मग गावच लोटले. हा घेतो, तो घेतो. कुणी बोट चाटवतो, कुणी शेळीचे दूध आणतो, कुणी छायाचित्र काढून घेतो. दुपारी जंगलखात्याची गाडी आली आणि पिले घेऊन गेली. त्यांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. पण त्या रात्री पालांभोवती बिबटीण घुमत होती. तो आवाज करवतीने लाकूड कापावे तसा असतो. पहाटेपर्यंत कुणी झोपले नाही, मीही नाही.

हे मी मुलीला सांगितले आणि म्हटले, ‘आफ्रिका राहू दे. माणिकडोहला विचारून बघ.’

जुन्नरपासून थोड्याच अंतरावर, माणिकडोह धरणाजवळ बिबट निवारा केंद्र आहे. २००१ पासून जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवर हल्ले वाढले आणि सापळे लावून धरपकड झाली, तेव्हाच्या गरजेतून ते उभे राहिले. जागा वनखात्याची, २००७ पासून ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था खात्याबरोबर तिथे काम पाहते. प्रवाशांना हिंडून बिबटे पाहण्याची ती जागा नव्हे. मुलगी वैद्यकाची विद्यार्थिनी म्हणून डिसेंबर महिन्यात चार आठवड्यांसाठी गेली. जाताना मी तिला एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, ‘रोज चार ओळी लिही. भावना नकोत. काय केलेस ते लिही.’ मास्तर असल्याचा हा एवढा एक फायदा.

वही आता माझ्यापुढे आहे. पहिल्या आठवड्यात नुसते झाडणे आणि धुणे आहे. पिंजरे धुतले, पाण्याची भांडी घासली, मांस तोलले, कुणी किती टाकले ते लिहिले. कायमचे राहणारे बिबटे कोण, याची एक यादी आहे. एकाचा पाय रानडुकरासाठी लावलेल्या फासात गेलेला. एक आंधळा. काही म्हातारे, दात झिजलेले. काही असे, की पिलू असतानाच माणसांत आले आणि आता शिकार करणे जमणार नाही. पुढे एक ओळ आहे: ‘आज दाबाच्या पिंजऱ्यात घेऊन इंजेक्शन. पिंजऱ्याची एक बाजू सरकवून जनावराला अलगद दाबतात, म्हणजे भूल द्यावी लागत नाही. माझ्याकडे पाहून गुरगुरला. बरे वाटले.’ गुरगुरला म्हणून बरे वाटले, असे लिहिणारी ही माझी विद्यार्थिनी, याचा मला अभिमान आहे.

बोलायचे नाही, लाडाने हाक मारायची नाही, जाळीतून बोट घालायचे नाही. जो रानात परत जाणार त्याच्या कानाला माणसाचा आवाज सुखाचा वाटता कामा नये. ती लिहिते, ‘घरी म्हशीशी मी दिवसभर बोलते. इथे तोंड मिटून काम करायचे. संध्याकाळी जिभेला बुरशी येईल असे वाटते.’

विहिरीची हकिगत दोन पाने आहे. त्या भागात कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ; रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या सरळ आत जातो. आधी दोरांनी बांधलेली खाट खाली सोडतात, म्हणजे थकलेले जनावर तिच्यावर चढून दम घेते. मग पिंजरा सोडतात. ऐकायला सोपे आहे. पण विहिरीच्या काठावर गावातली पाचशे माणसे वाकून बघत असतात, एकमेकांना ढकलत असतात, आणि बिबट्यापेक्षा त्यांना सांभाळणे कठीण असते. तिने त्या दिवशी काय केले? काठावर दोरी धरून उभी राहिली आणि लोकांना मागे सारले. तेवढेच. ‘घसा बसला,’ असे लिहिले आहे.

आणि मग ती रात्र.

जानेवारीचा पहिला आठवडा. कालव्याखालच्या एका फडात सकाळी दोन पिले सापडल्याचा फोन आला. पूर्वी अशी पिले केंद्रात येत आणि जन्मभर पिंजऱ्यात राहत. अलीकडे वर्षानुवर्षे केंद्राचे डॉक्टर आणि वनरक्षक दुसरी रीत पाळत आले. पिले हातमोजे घालून तपासतात. गोचिडी काढायच्या, बेंबी बघायची, नर का मादी ते पाहायचे, अंगातले पाणी कमी झाले असेल तर तेवढे भरून काढायचे. शेपटीच्या मुळाशी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालायची, म्हणजे पुढे कधी भेट झाली तर ओळख पटावी. आणि त्याच दिवशी, अंधार पडता पडता, ज्या जागी सापडली त्याच जागी त्यांना ठेवून निघून यायचे. कशात ठेवतात? नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरतात त्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये! शेजारी खुंटाला आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा बांधायचा. बाकी सगळे बिबटिणीवर सोपवायचे.

पण त्यासाठी शेवटचा पट्टा त्या रात्री उभा राहायला हवा. शेतमालक म्हणाला, ‘कारखान्याची गाडी उभी आहे, आज ऊस गेला नाही तर पाळी जाईल.’ मुकादम म्हणाला, ‘अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार?’ वनखात्याच्या माणसांनी त्यांची समजूत घातली. बायकांशी बोलायला या मुलीला पुढे केले. ती पालांपाशी गेली आणि कोणीही बोलेल तेच बोलली, ‘ताई, तीही आई आहे. तिची पोरं तिला मिळू द्या.’

बीडकडची एक बाई चुलीपुढे बसली होती. तिने झोळीकडे बोट दाखवले. झोळीत चार महिन्यांचे मूल झोपले होते.

‘माजं लेकरू हितं निजलंय,’ ती म्हणाली, ‘आन् तू म्हनतीस, वाघिनीला हाळी घालू?’

वहीत या वाक्याखाली रेघ मारलेली आहे. पुढे लिहिले आहे की त्या बाईला काय सांगावे ते कळले नाही; मग वनरक्षकांनी सगळी मुले आणि बायका रात्रीपुरती गावातल्या समाजमंदिरात नेली, आणि चौघे जण रात्रभर पालांभोवती गस्त घालत राहिले. मला यात सेवेचे खरे स्वरूप दिसते. पिलाला दूध पाजणे सोपे आणि सुखाचे आहे. ज्याच्या दारात वाघीण येणार त्याची झोप सांभाळणे हे या कामातले अवघड, आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

ती आणि बाकीची मंडळी दूर रस्त्यावर गाडीत बसून होती. तिला काही दिसले नाही. सबंध चार आठवड्यांत मोकळी बिबटीण तिने एकदाही पाहिली नाही. जे कळले ते सकाळी कॅमेऱ्यातून. पहिल्या छायाचित्रात नुसता क्रेट. मग दोन डोळे, दिव्यांसारखे. मग क्रेट कलंडलेला आणि बिबटिणीच्या तोंडात, मानेला धरलेले, एक पिलू. त्यानंतर बराच वेळ काही नाही. दुसरे पिलू एकटेच क्रेटच्या कडेशी. मग पुन्हा ती. शेवटच्या छायाचित्रात रिकामा क्रेट आडवा पडलेला. ‘सर, मी त्या रिकाम्या क्रेटकडे किती वेळ बघत बसले!’ असे तिने मला फोनवर सांगितले. वहीत मात्र, माझी आज्ञा पाळून, एवढेच आहे: ‘क्रेट धुऊन ठेवला.’

पिले परत द्यायची ही केवळ माया नव्हे, हिशेबही आहे. पिले नाहीशी झाली की बिबटीण वस्तीभोवती घुमत राहते; मी स्वतः ते ऐकले आहे. आणि पकडून लांब नेऊन सोडण्याचे काय होते, तेही जुन्नरने पाहिले आहे. २००१ ते २००३ या काळात शेतांतून शंभरावर बिबटे पकडून दूरच्या रानांत नेऊन सोडले. त्याआधी जुन्नरकडे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते त्या काळात सतरावर गेले. आपला मुलूख हिरावलेले, बावरलेले जनावर अनोळखी गावांतून हिंडू लागते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेजला सोडला, तर तो रेल्वे, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडीत सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या रानाशी जाऊन पोचला. त्याचे नाव आजोबा पडले, २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. बिचारा २०११ साली रस्त्यावर गाडीखाली गेला.

दिवाळीचा पहिला दिवस आपण वसुबारस म्हणतो, गाय-वासराला ओवाळतो. जुन्नर, आंबेगाव, अकोले यांच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीतले महादेव कोळी त्याच दिवसाला वाघबारस म्हणतात. गुराखी रानाच्या कडेला शेंदूर फासलेल्या वाघोबापुढे जमतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरे-माणसे सांभाळ असे मागणे मागतात. त्यांच्या भाषेत बिबट्याही वाघच. मला या रितीचे फार दिवस कुतूहल आहे. ज्याने गाय खायची त्याचीच पूजा, आणि तीही गायीच्याच दिवशी! पण त्यांनी वाघाला घरात घेतलेले नाही. त्याची जागा शिवेवर आहे. नैवेद्य ठेवतात आणि मागे फिरतात.

हे मी मागल्या वर्षी, २०२५ च्या वसुबारसेला लिहायला घेतले होते आणि अर्ध्यावर टाकले. कारण तेच दिवस वेगळे उगवले. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्याने तीन माणसे मारली. त्यांत एक पाच वर्षांची मुलगी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक रस्ता अडवून धरला. पुढे नेमबाज आणून एका बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत एक छायाचित्र आले होते: शेतात निघालेल्या माणसांनी गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घातलेले. असे पट्टे धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात घालतात. मी ते छायाचित्र शाळेतल्या मुलांपासून लपवले.

मुलीची सख्खी मावशी त्याच बाजूला कालव्याखाली राहते. घर उसाच्या मधोमध, नातू चार वर्षांचा. मावशीने फोन केला तो तिच्या आईला नव्हे, तिलाच. ‘तू म्हनं वाघाची दाई झाली व्हतीस. ये की मग हिकडं. बघून जा तुजी लेकरं.’

ती निघाली. मीही बरोबर गेलो. तिचे वडील म्हणाले, ‘गुरुजी, तुमीच तिला धाडली व्हती.’ त्यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. चाकणच्या गर्दीत दीड तास गेला. तेवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही.

मावशीचे घर दिवसाढवळ्या बंद होते. ओसरीला बाहेरून लोखंडी जाळी ठोकून घेतलेली, नातू आत. तो जाळीला धरून आमच्याकडे पाहत होता. माणिकडोहच्या पिंजऱ्यांचे वर्णन मी वहीत इतक्यांदा वाचले होते, की क्षणभर मला काहीच बोलवेना. मावशीने चहा केला. मग तिने सरळ विचारले, ‘तिची लेकरं तिला दिलीस. ती मोठी झाली आसतील आता. हितंच कुटं तरी आसतील. व्हय का न्हाई?’

मुलगी म्हणाली, ‘असतील, मावशी.’

दुसरी कोणी असती तर आकडे सांगितले असते. चिपेचे सांगितले असते, तो बिबट्या वेगळा, ते गाव वेगळे असे सांगितले असते. ते खरेही होते. तिने ते सांगितले नाही. ती उठली आणि घराभोवती हिंडून आली. गोठ्याला मागून कूड मोडला होता, तो तिने दाखवला. कोंबड्यांची पिसे आणि टाकाऊ मांस घराशेजारी टाकतात, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. ते पुरायला सांगितले. ऊस घराच्या भिंतीला भिडला होता, तो पाच-सहा हात मागे तोडून मोकळी जागा ठेवायला सांगितली. शौचाला अंधारात एकटे जायचे नाही, पोराला पुढे सोडायचे नाही, मध्ये घ्यायचे. वनखात्याचा १९२६ हा नंबर तिने कोळशाने भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला. मावशी सगळे ऐकत होती; पटले की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हते.

‘कूड आजच बांधू,’ मुलगी म्हणाली. आम्ही दोघांनी आणि मावशीच्या मुलाने तुऱ्हाट्या आणि तार घेऊन दिवेलागणीपर्यंत कूड बांधला. माझ्या हाताला तार लागली.

अंधार पडला. उसावरून गार वारा यायला लागला. म्हशीची धार राहिली होती. मावशीने दाराची कडी काढली, बॅटरी आणि घुंगराची काठी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘जा, धार काढून आन. काठी आपटत जा.’ मग मागून आणखी म्हणाली, ‘आन् बोलत जा म्हशीशी. मोठ्यानं.’

ती काठी आपटत गोठ्याकडे गेली. म्हशीशी बोलण्याचा तिचा आवाज आम्हाला ओसरीपर्यंत ऐकू येत होता.